तिळाच्या तेलाचे पान

१ एप्रिल २०२०. माझ्या टिपणवहीत या तारखेखाली एकच ओळ आहे : ‘शब्बाथ, २६. तेल सापडले.’

टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. पुण्यातली ग्रंथालये बंद होती आणि माझे काम अर्धवट पडले होते. कोकणातल्या शनवार तेल्यांवर, म्हणजे बेने इस्राएल समाजाच्या जुन्या व्यवसायावर, मी लेख लिहीत होते. घाणा कसा होता, बैल कोणाचे, पेंड कुठे जाई, ही माहिती जमली होती. अडले होते एका तळटिपेपाशी. शब्बाथचा दिवा कोणत्या तेलाने लावावा यावर ताल्मुदात बरीच वादावादी आहे, असे कधी तरी वाचलेले आठवत होते. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांवर लिहायचे आणि ती वादावादी मुळातून पाहायची नाही, हे मनाला पटेना. एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, सगळा ताल्मुद संगणकावर उघडा आहे. पैसे नाहीत, सभासदत्व नाही. ‘सेफारिया’ असं टाइप करा.”

टाइप केले. त्या दिवशीच्या अभ्यासाची एक यादी समोर आली आणि तीत लिहिले होते : शब्बाथ, पान २६. मला वाटले, मी शब्बाथ हा शब्द शोधणार हे या यंत्राला आधीच कळले की काय! तसे काही नव्हते. जगभर हजारो माणसे रोज ताल्मुदाचे एकच ठरलेले पान वाचतात आणि त्या बुधवारी क्रमाने तेच पान आले होते. मी ज्याच्या शोधात होते, ते पान त्या दिवशी न्यूयॉर्कपासून जेरुसलेमपर्यंत उघडलेले होते.

त्या पानावरचा प्रसंग असा. दिव्याला चालणाऱ्या तेलांची यादी पंडितांनी दिलेली आहे : तिळाचे, अक्रोडाचे, मुळ्याच्या बियांचे, माशाचे, भोपळ्याच्या जातीतल्या रानफळाचे, वगैरे. रब्बी तार्फोन यांना ही उदारता पसंत नाही. त्यांच्या मते दिवा लावावा तो फक्त ऑलिव्हच्या तेलाने. त्यावर योहानान बेन नूरी नावाचे रब्बी उठून उभे राहतात आणि विचारतात, की मग ज्या बाबिलोनियात तिळाच्या तेलाखेरीज काही नाही तिथल्या लोकांनी काय करायचे? मीडियात अक्रोडाचे, अलेक्झांड्रियात मुळ्याचेच तेल मिळते, त्यांनी काय करायचे? कपादोकियात तर तेही नाही, नुसता नाफ्था.

लेखाची तळटीप झाली. पण तो प्रश्न मनातून जाईना. ऑलिव्ह ज्यांच्या अंगणात नाही त्यांनी काय करायचे, हे दिव्यापुरते झाले. विद्येचे काय? ज्यांना हिब्रू येत नाही, गुरू मिळत नाही, पाठशाळेत प्रवेश नाही, त्यांनी काय करायचे? गेली काही वर्षे मी ज्यू विद्याभ्यासाच्या इतिहासाकडे याच प्रश्नातून पाहते आहे. हे पान माझ्या टेबलापर्यंत आले कसे, आणि ज्यांच्या घाण्यापाशी ते आधी पोचायला हवे होते त्यांच्याकडे ते केव्हा, कोणाच्या हातून गेले?

ताल्मुद म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, हा लिखित कायदा. त्याच्याबरोबर तोंडी चालत आलेला दुसरा कायदा आहे, अशी परंपरेची श्रद्धा. जे तोंडी आहे ते लिहू नये, असा दंडक होता. वेदपाठशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. पण इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले, पुढची बंडे चिरडली, गुरू मारले गेले, शिष्य पांगले. पाठांतर करणारेच उरले नाहीत तर पाठांतर कसे उरणार? इ. स. २०० च्या सुमारास यहूदा हनासी यांनी हा तोंडी कायदा ‘मिश्ना’ या नावाने संकलित केला. मिश्नावर पुढची काही शतके पाठशाळांत जी चर्चा चालली ती ‘गमारा’. दोन्ही मिळून ताल्मुद. त्यातला बाबिलोनियात तयार झालेला ताल्मुद प्रमाण मानतात.

लिहून झाले म्हणून ते वाचता आले, असे मात्र नाही. मजकूर अर्धा हिब्रू, अर्धा आरामाइक. स्वरचिन्हे नाहीत, विरामचिन्हे नाहीत. प्रश्न कुठे संपला, उत्तर कुठे सुरू झाले, बोलणारा बदलला का, हे शेजारी बसलेल्या गुरूने सांगावे तेव्हाच कळणार. मोडीचा कागद पहिल्यांदा हातात घेतलेल्याला याची थोडी कल्पना येईल. अक्षरे ओळखीची, पण शब्द कुठे तोडायचा ते ठाऊक नाही. एका परीने हा लिहिलेला ग्रंथ तोंडीच राहिला.

या बंद दाराला पहिली मोठी खिडकी पाडली ती फ्रान्समधल्या त्रुवा गावच्या राशी यांनी. त्यांचा मृत्यू ११०५ चा. अवघड जागी दोन-चार शब्दांत अर्थ, तुटक वाक्याला जोड, बस्स. पांडित्याचा मोह नाही. गुरू शेजारी बसून जे हळूच सांगतो ते त्यांनी लिहून ठेवले. गुरू नसलेल्या गावातल्या मुलाला गुरू मिळाला तो असा.

मग छापखाना. व्हेनिसमध्ये १५२० ते १५२३ या काळात ताल्मुदाची पहिली संपूर्ण छापील आवृत्ती निघाली. छापणारा दानियेल बोंबेर्ग हा अँटवर्पहून आलेला ख्रिस्ती व्यापारी होता आणि काम करणारे पंडित ज्यू. चारच वर्षे आधी, १५१६ मध्ये, याच शहराने ज्यूंना कोंडण्यासाठी घेट्टो बांधला होता. बोंबेर्गच्या छापखान्याने पानाचा जो आकार ठरवला तो आजतागायत टिकला आहे. मधोमध मूळ मजकूर, शिवणीच्या बाजूला राशी, बाहेरच्या बाजूला नंतरच्या पंडितांचे आक्षेप. पानाला एक क्रमांक आणि त्याच्या दोन बाजूंना ‘अ’ आणि ‘ब’. प्रत्येक प्रकरणग्रंथ दुसऱ्या पानापासून सुरू होतो, कारण पहिले पान मुखपृष्ठात गेले. यावरून पुढे पुष्कळ आध्यात्मिक अर्थ काढले गेले, ते सोडून देऊ.

१५५३ मध्ये पोपच्या हुकमाने रोमच्या चौकात ताल्मुदाच्या प्रती जाळल्या. दिवस मुद्दाम ज्यू नववर्षाचा निवडलेला होता. पॅरिसमध्ये १२४२ साली गाडे भरभरून हस्तलिखिते जाळली होती तेव्हा त्यांची दुसरी प्रत मिळवणे अशक्यप्राय होते. छापील पुस्तकाचे तसे नाही. ते दुसरीकडे छापता येते, आणि छापले गेले. १८८० ते १८८६ च्या दरम्यान विल्ना शहरात रोम घराण्याच्या छापखान्याने काढलेली आवृत्ती सर्वमान्य झाली. तिच्या मुखपृष्ठावर छापणाऱ्याचे नाव ‘विधवा आणि बंधू रोम’ असे आहे. स्त्रियांना ज्या ग्रंथाच्या पाठशाळेत जागा नव्हती त्याची प्रमाण आवृत्ती एका विधवेच्या नावाने निघावी, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

पान स्थिर झाले त्याचा एक परिणाम चमत्कारिक आहे. पोलंडमध्ये असे पाठक होते की पुस्तकातल्या एखाद्या शब्दावर टाचणी टोचली तर ती पुढच्या पानांवर नेमक्या कोणत्या शब्दातून आरपार जाईल ते सांगत. स्ट्रॅटन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये यावर लेख लिहिला आहे. अर्थ कितपत समजे हा प्रश्न वेगळा. पण ही करामत शक्य झाली ती सगळ्या प्रतींतले पान सारखे होते म्हणून.

त्याच सारखेपणावर ‘रोज एक पान’ ही कल्पना उभी आहे. १९२३ च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नात अगुदात इस्राएल या संघटनेचे जागतिक अधिवेशन भरले. तिथे मेईर शापिरो या छत्तीस वर्षांच्या पोलिश रब्बींनी सुचवले, की सगळ्या ज्यूंनी एका दिवशी एकच पान वाचावे. प्रवासाला निघालेला माणूस परक्या गावी उतरला तरी तिथल्या अभ्यासगृहात त्याला आपलेच पान उघडलेले दिसेल. त्या सप्टेंबरात, नववर्षाच्या दिवशी, पहिली फेरी सुरू झाली. एकूण २,७११ पाने, म्हणजे साडेसात वर्षांना थोडी कमी. शापिरो यांनी १९३० मध्ये लुब्लिनला भव्य पाठशाळा उघडली आणि १९३३ मध्ये ते वारले. ती पाठशाळा नाझींनी बंद पाडली. ज्या गावांसाठी ही योजना होती त्यांतली कितीतरी पुढच्या दहा वर्षांत नकाशावर राहिली पण त्यांत वाचणारे उरले नाहीत. योजना मात्र उरली. अमेरिकेत ती कॅसेटवर गेली, मग टेलिफोनवर : ठरलेला नंबर फिरवायचा आणि त्या दिवसाचे पान ऐकायचे.

इथपर्यंतचा इतिहास पुरुषांचा आहे. मुलीला तोरा शिकवावी का, यावर मिश्नातच दोन मते आहेत. बेन अझ्झाय यांच्या मते बापाने ती शिकवलीच पाहिजे. रब्बी एलिएझर यांना ते थिल्लरपणा शिकवण्यासारखे वाटते. शतकानुशतके दुसऱ्या मताची सरशी झाली. १९१७ मध्ये क्राकूवमध्ये सारा शेनिरर या शिवणकाम करणाऱ्या बाईने मुलींची शाळा काढली आणि तिचे पुढे मोठे शाळाजाल झाले. त्यातही ताल्मुद नव्हता. आमच्याकडे मुलींना लिहायला शिकवले तर काय अनर्थ होईल याच्या ज्या चर्चा एकोणिसाव्या शतकात झाल्या, त्या वाचलेल्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटेल. २०१२ मध्ये इस्राएलमधल्या रआनाना गावी मिशेल कोहेन फार्बर यांनी घरात बायकांसाठी रोजच्या पानाचा वर्ग सुरू केला आणि तो ध्वनिमुद्रित करून जगासाठी खुला ठेवला. फेरी संपली तेव्हा, ५ जानेवारी २०२० ला, जेरुसलेमच्या सभागृहात तीन हजारांहून अधिक बायका जमल्या होत्या. चारच दिवस आधी न्यू जर्सीच्या एका स्टेडियमवर याच फेरीच्या समाप्तीला सुमारे ९० हजार लोक आले होते. आकड्यांत तुलना नाही. पण मला जमायला आवडले असते ते जेरुसलेमला.

त्याच आठवड्यात सुरू झालेल्या नव्या फेरीत, तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस, मी त्या पानावर येऊन आदळले होते.

मी ते वाचू शकले याचे श्रेय दोन वेगळ्या कामांना आहे. पहिले आदिन स्टाइनसाल्ट्झ यांचे. जेरुसलेममधल्या धर्म न मानणाऱ्या घरात जन्मलेला, विज्ञान शिकलेला हा माणूस १९६५ मध्ये ताल्मुदाला स्वरचिन्हे आणि विरामचिन्हे देऊ लागला, आरामाइकचे आधुनिक हिब्रूत रूपांतर करू लागला. काम संपले २०१० मध्ये. पंचेचाळीस वर्षे! त्यांनी पानाची पवित्र मांडणी बदलली म्हणून कर्मठांनी रागाने टीका केली, १९८९ मध्ये तर त्यांच्या पुस्तकांवर बंदी घालण्यापर्यंत मजल गेली. त्या रागामागे धार्मिक कारणे होती, पण मला त्यात आणखी एक भीती दिसते. प्रश्नचिन्ह कुठे आहे हे पुस्तकानेच सांगितले, तर गुरूने काय सांगायचे?

दुसरे काम सेफारियाचे. २०११ मध्ये जोशुआ फोर हा लेखक आणि गूगलमध्ये काम केलेला ब्रेट लॉकस्पाइसर यांनी ही ना-नफा संस्था सुरू केली. फोर यांचे त्याच वर्षी गाजलेले पुस्तक स्मरणशक्ती कशी वाढवावी याबद्दल होते, आणि उभे केले त्यांनी असे ग्रंथालय की ज्यात काहीच लक्षात ठेवावे लागत नाही! ग्रंथ संगणकावर आणण्याची कल्पना जुनीच. रब्बींनी शतकानुशतके दिलेल्या निर्णयांचा यंत्राने शोध घेण्याचा प्रकल्प इस्राएलमध्ये १९६३ मध्येच सुरू झाला होता आणि नंतर बार-इलान विद्यापीठात तो वाढला. पण तो पंडितांसाठी होता. सेफारियाने मजकुराचे बारीक तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा त्याच्यावरच्या भाष्यांशी, तो जिथून आला त्या वचनाशी जोडला. बोंबेर्गने पानाच्या समासात जे मावेल ते बसवले होते, इथे समासाला शेवट नाही. २०१७ मध्ये विल्यम डेव्हिडसन यांच्या नावाच्या फाउंडेशनने दिलेल्या पैशातून स्टाइनसाल्ट्झ यांची हिब्रू आणि इंग्रजी आवृत्ती तिथे खुली झाली. व्यापार न करता कोणीही वापरावी, या अटीवर. इंग्रजीत मूळ शब्दांचे भाषांतर ठळक अक्षरांत आणि समजावून सांगण्यासाठी घातलेले शब्द साध्या अक्षरांत. राशी आता या साध्या अक्षरांत शिरले आहेत, असे म्हटले तर चालेल.

काय हरवले? पानाचा आकार हरवला. टाचणी कुठे टोचणार? दोघांनी समोरासमोर बसून मोठमोठ्याने भांडत शिकण्याची पद्धत असते, तिला ‘खाव्रूता’ म्हणतात. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकटी वाचत होते आणि चुकले तर हसायला कोणी नव्हते. शिवाय एक गंमत आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत पाळणारा ज्यू विजेची वस्तू चालू-बंद करत नाही. म्हणजे शब्बाथच्या दिव्यावरचे पान शब्बाथच्या दिवशी त्याला संगणकावर वाचता येत नाही. शुक्रवारी ते छापून ठेवावे लागते. आठवड्यातून एक दिवस बोंबेर्ग परत येतो.

आता कोकण. परंपरेनुसार नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे हे वंशज. ग्रंथ समुद्रात गेले. नावे मराठी झाली, सणांची नावेही मराठी झाली : नव्याचा सण, दारफाळणीचा सण. शनिवार पाळला, सुंता पाळली, खवले आणि पर नसलेला मासा खाल्ला नाही, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना तोंडात राहिली. ताल्मुद मात्र नाही. पुढे दाविद रहाबी नावाचा कोणी ज्यू आला, त्याने बायकांपुढे मासे ठेवले आणि त्यांनी योग्य ते वेगळे काढले तेव्हा त्याची खात्री पटली, ही कथा समाजात सगळे सांगतात. कोणत्या शतकातला हा माणूस, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला कथेतला तपशील महत्त्वाचा वाटतो : परीक्षा घेतली ती मासे निवडण्याची, आणि उत्तीर्ण झाल्या बायका. त्याने तीन शिष्य तयार केले. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतले ते काजी. गुरू मिळाले, पण पुस्तक नव्हते.

पुस्तक आले ते मिशनऱ्यांकडून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत खास बेने इस्राएलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. हेतू उघड होता. जुना करार नीट वाचला की ही मंडळी नव्या कराराकडे वळतील. मंडळींनी व्याकरण घेतले, शाळा घेतली, मराठी बायबल घेतले आणि फारच थोडे अपवाद वगळता धर्म बदलला नाही. उलट या शिदोरीवर आपले छापील वाङ्मय उभे केले. व्हेनिसला बोंबेर्ग ख्रिस्ती होता, इथे विल्सन ख्रिस्ती. दोघांचे हेतू वेगळे, पण ज्यू पानाचा इतिहास परक्यांच्या छापखान्यातून बराच गेलेला आहे.

१८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायचे ‘हगादा’ हे पुस्तक मराठीसह शिळाछापावर निघाले. १८७४ मध्ये पुण्यात दुसरे निघाले, ते विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. ब्राह्मणाच्या छापखान्यात, एका बाजूला हिब्रू आणि एका बाजूला मराठी. त्यातले एक चित्र मी पुन्हा पुन्हा पाहते. लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी लाटताहेत. हगादांत चित्रे पूर्वीपासून असतात आणि त्यांतली माणसे त्या त्या देशाची असतात. तरी इजिप्तमधून बाहेर पडण्याच्या कथेला आपल्या ओसरीवर आणून बसवणारे हे चित्र पाहिले की योहानान बेन नूरी आठवतात. तिळाचे तेल आहे ना, मग त्याचाच दिवा.

१८७५ मध्ये हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी सहकाऱ्यांसह मुंबईत समाजाची शाळा काढली. हिब्रू आपल्या शाळेत शिकवायचे, मिशनच्या शाळेत नाही, ही त्यामागची तळमळ. तीच शाळा पुढे एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी तर प्रार्थनापुस्तकांमागून प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. दिवसभर शाळेत मुख्याध्यापकी आणि उरलेल्या वेळात भाषांतर. त्या काळच्या मराठी गद्याचा इतिहास लिहिताना आपण चिपळूणकर-आगरकरांपाशी थांबतो. राजपूरकरांचे नाव मी एम. ए. ला असताना कोणी घेतले नाही, आणि पुढे तीस वर्षे इतिहास शिकवताना मीही घेतले नाही.

या शिक्षणाची खरी परीक्षा पुढे झाली, आणि ती माशांइतकी सोपी नव्हती. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने १९६२ मध्ये निर्देश काढले, की या समाजातल्या माणसाचे इतर ज्यूंशी लग्न लावताना मातुल घराण्याची जितक्या मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. शंका अशी : घटस्फोट आणि दिराशी विवाह यांविषयीचे ताल्मुदी नियम या लोकांना इतकी शतके माहीत नव्हते. मग त्यांची लग्ने आणि मुले शास्त्राने शुद्ध कशी धरायची? म्हणजे पान पोचले नाही याचा दंड पान न पोचलेल्यांनी भरायचा. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. पंतप्रधान आणि संसद यांना मध्ये पडावे लागले आणि निर्देशांतून समाजाचे नाव काढले गेले. रब्बींची बाजूही समजून घेतली पाहिजे. शेकडो वर्षे तुटलेल्या समाजाबद्दल कायद्याचा विचार करणे त्यांचे कामच होते. पण त्या कचेरीत कोणी तरी उठून उभे राहून विचारायला हवे होते, असे मला वाटत राहते.

आज महाराष्ट्रात हा समाज काही हजारांवर आला आहे. ठाण्यातल्या एका परिचितांचा मुलगा तेराचा झाला. या वयात मुलाने मशिदीत तोरेचा उतारा सुरावर वाचायचा असतो. (मशीद म्हणजे सिनेगॉग. जुनी मंडळी अजून हाच शब्द वापरतात.) मुलाने तो उतारा इस्राएलमधल्या शिक्षकाकडून संगणकावर, दर रविवारी तासभर, असा शिकला. सूर ध्वनिमुद्रणावरून, अर्थ इंग्रजीतून. मी विचारले, “आणि मराठी?” परिचित हसले. “मराठी आईसाठी.” त्यांच्या आई ऐंशीच्या पुढच्या, जन्म रेवदंड्याजवळचा. मावशींनी एक दोनशेपानी वही दाखवली. हिब्रू प्रार्थना देवनागरीत, निळ्या शाईने, आणि काही ओळींखाली शिसपेन्सिलीने मराठी अर्थ. त्यांच्या वडिलांनी लिहून दिलेली. सगळ्या ओळींना अर्थ नाही. “त्यांना येत होता तेवढा लिहिला,” मावशी म्हणाल्या.

घरी येऊन मी पुण्याच्या हगादाची पाने संगणकावर पुन्हा काढली. पाहता येतात, मोठी करता येतात. शोधता येत नाहीत. मी ‘परमेश्वर’ हा शब्द टाकला. काही नाही. ‘भाकर’ टाकला. काही नाही. यंत्राच्या दृष्टीने ते पान म्हणजे एक चित्र, लुगडी नेसलेल्या बायकांइतकेच चित्र. कोणी तरी बसून अक्षर न् अक्षर उतरवून काढल्याशिवाय ते समासाशी जोडले जाणार नाही. हिब्रूला असे उतरवणारे शेकडो हात मिळाले. मराठीसाठी हवेत ते हात कोणाचे, याचा मी विचार केला तेव्हा मला फार दूर पाहावे लागले नाही. मराठी वाचणारे आणि शिळाछापाचे अक्षर लागणारे लोक इथेच आहेत, आणि त्यांतली बरीच मंडळी माझ्यासारखी निवृत्त आहेत.

सुरुवात म्हणून शब्बाथच्या सव्विसाव्या पानातला तो तेलाचा प्रसंग मी मराठीत केला. भाषांतर इंग्रजीवरून, म्हणजे दुसऱ्या हाताचे, हे सांगून टाकते. हिब्रू येणाऱ्या एका बाईंकडून तपासून घेतले. त्यांनी ‘भोपळा’ खोडून ‘कडू रानफळ’ केले. चार पाने मोठ्या अक्षरांत छापून ठाण्याला पाठवली. आठवड्याने मावशींचा फोन आला.

“वाचलं. यादीत खोबरेल नाही.”

मी म्हटले, “नाही. त्या पंडितांनी कोकण पाहिलं नव्हतं.”

“आमच्या आईचा दिवा म्हणजे काचेचा पेला. खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. चालतं ना पण ते?”

चालते, मी सांगितले. आधीच्या भागात जी नको म्हटली आहेत ती सोडून बाकीची सगळी तेले चालतात, असा शेवटी निर्णय आहे.

“मग तसं स्पष्ट लिहायचं होतंस की. मला वाटलं, इतकी वर्षं चुकलोच आम्ही.” थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सत्ताविसावं पान कधी पाठवतेस?”

सत्ताविसावे पान कपड्यांच्या धाग्यांबद्दल आहे. ताग, लोकर, झालर कशाला लावायची आणि कशाला नाही. अवघड आहे. निम्मे झाले आहे.